उभा केलेला दगड

दगडाचं आयुष्य माणसाच्या आयुष्यापेक्षा मोठं असतं, आणि जो दगडाची सेवा करतो तो प्रत्यक्ष काळाशी संभाषण करीत असतो.

हे वाक्य माझं नाही. वाशीमच्या तिमजलीची दुरुस्ती पुरी झाली तेव्हा जो लहानसा समारंभ झाला, त्यात आमच्या रावसाहेबांनी ते उच्चारलं आणि उच्चारताना माझ्याकडे बोट केलं, म्हणून लक्षात राहिलं. मी अडतीस वर्षं दगडी इमारतींच्या दुरुस्तीची कामं केली. काळाशी बोलण्याचा प्रसंग आला नाही. बोलावं लागलं ते भाडेकरूंशी. काळ निदान खाली गवंडी बसलेला असताना वरून मोरीचं पाणी सोडत नाही.

दिवाळीच्या अंकासाठी ‘व्यवसायातल्या आठवणी’ लिहा असा निरोप आला तेव्हा मी जरा अडचणीत पडलो. माझ्या पेशातली प्रत्येक यशस्वी हकिकत एकाच प्रकारची असते: भिंत पडणार होती, ती पडली नाही. न घडलेल्या गोष्टीचं वर्णन रंगवायचं कसं? म्हणून पूल, शाळा, कचेऱ्या सगळं सोडून देतो आणि एकाच भिंतीची गोष्ट सांगतो. तीही सबंध भिंतीची नाही. पाच हात रुंद आणि चार हात उंच एवढ्या तुकड्याची.

तिमजली म्हणजे वाशीमच्या बाजाराला लागून असलेली तीन मजली दगडी इमारत. रुईचा भाव आभाळाला भिडला होता त्या काळात धनराज शेठच्या आजोबांनी ती बांधली. निजामाच्या मुलखातून पाथरवट आणले, काळा पाषाण घडवून घेतला आणि खाली कापसाच्या गाठी, वर मुनीम अशी व्यवस्था केली. पुढे भाव उतरला. गाठी गेल्या, मुनीम गेले, आणि शेठने खोल्या भाड्याने दिल्या. मी सांगतो आहे तो काळ दुसऱ्या लढाईच्या चार-पाच वर्षं आधीचा. तेव्हा तिमजलीत अठरा बिऱ्हाडं होती. कोर्टातले कारकून होते, शाळेतले दोन मास्तर होते, स्टेशनावरचे तारबाबू होते, आणि मधल्या मजल्यावर, रस्त्याकडच्या कोपऱ्यातल्या खोलीत, शिवणकाम करणाऱ्या गंगूताई होत्या.

गंगूताईंच्या खोलीच्या भिंतीला पोट आलं होतं.

हे नीट सांगायला हवं. बाहेरच्या माणसाला वाटतं, दगडी भिंत म्हणजे दगडावर दगड. प्रत्यक्षात त्या एकमेकींना पाठ लावून उभ्या असलेल्या दोन भिंती असतात. एकीचं तोंड घरात, दुसरीचं रस्त्यावर, आणि मधे बारीक दगड नि चुन्याची भर. दोघींनी एकत्र नांदावं म्हणून ठरावीक अंतरावर एकेक लांब दगड या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार घालतात. त्याला बंधाचा दगड म्हणतात. तो शाबूत आहे तोवर संसार चालतो. तो मोडला, किंवा पाण्याने आतली भर खाली बसली, की दोघींमधे अंतर पडतं आणि रस्त्याकडची पुढे झुकते. त्याला आम्ही पोट येणं म्हणतो. पोट आलेली भिंत वर्षानुवर्षं तशीच उभी राहते, आणि मग एखाद्या दुपारी, कोणी काही केलेलं नसताना, खाली येते.

तिमजलीच्या पोटाचं कारण मला पहिल्याच दिवशी कळलं. दोन दगडांमधल्या फटींना दरजा म्हणतात. त्या दरजांमधे पूर्वी चुना होता. चुना पावसाचं पाणी पितो आणि उन्हात परत देऊन टाकतो. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी तो खरवडून काढून तिथे सिमेंट भरलं होतं. सिमेंट दिसायला झकास. पण ते पाणी बाहेर सोडत नाही. गच्चीतून झिरपलेलं पाणी भिंतीत उतरलं, त्याला वाट मिळाली नाही, आणि ते आतच राहून भर खात बसलं. हे काम करणारा मिस्त्री तेव्हा तरुण होता, चार इंग्रजी पुस्तकं वाचलेला होता आणि चुन्याला ‘जुनाट’ म्हणत असे. त्याचं नाव पुन्हा देण्याची गरज नाही. ते या लेखाच्या डोक्यावर छापलेलं आहे.

म्युनिसिपल कमिटीची नोटीस आली: वरचे दोन मजले धोक्याचे आहेत, सबब रिकामे करून उतरवावेत. नोटीस घेऊन रावसाहेब स्वतः आले. ते कमिटीचे सभासद होते आणि कागद पोचवण्याचं कामही पदवीदान समारंभासारखं करीत. वरच्या बिऱ्हाडांनी आपापल्या नातेवाइकांना पत्रं लिहायला घेतली. गंगूताईंनी नोटीस उलटसुलट पाहिली आणि तिच्यातून पोलक्याच्या गळ्याचा नमुना कापला. कागद चांगला जाड होता म्हणे.

त्यांना दुसरा मार्ग नव्हता. एकट्या विधवा बाईला गावात खोली द्यायला कोणी तयार नसे. ही मिळाली होती ती शेठच्या आईच्या शब्दावर, आणि आता आई नव्हत्या. दोन बाजूंनी उजेड येणारी खोली, बायकांना बिनदिक्कत चढून येता येईल असा जिना आणि एक शिवणयंत्र, एवढ्यावर त्यांनी अकरा वर्षं कोणापुढे हात न पसरता काढली होती. खोली गेली तर किन्हीराजा या खेड्यात भावाकडे जायचं. “भावाच्या घरी मशीन माळ्यावर जाईन अन् मी चुलीपाशी,” एवढंच त्या बोलल्या. ते रडून सांगितलं नव्हतं, त्यामुळे मला जास्त लागलं.

मी भिंत तपासायला गेलो त्या दिवशी त्यांनी मला विचारलं, “मिस्त्री, भिंत पडन का?”

“पडू नये म्हणूनच आलो आहे.”

“मंग उतरवाले काहून सांगून राह्यले?”

“पोट आलंय तिला, गंगूताई.”

“पोट तं रावसायबालेही आलं. त्याहिले कोनी उतरवून ठेवते का?”

मी हसलो, आणि हसताना मला माझीच लाज वाटली. म्हणून सांगून टाकलं की दरजांमधलं ते सिमेंट माझ्या हातचं आहे.

गंगूताईंनी यंत्राचं चाक थांबवलं. “म्हनजे तुमीच बिघडवलं अन् तुमीच नीट कराले आले?”

“हो.”

“मंग बरं हाय. नवा मानूस आला असता तं त्याले पैल्यापासून शिकावं लागलं असतं.”

शेठने दुरुस्तीची तयारी दाखवली आणि अकोल्याहून आलेल्या इंजिनीअरसाहेबांनी मुदत दिली. तीन आठवड्यांनी मंगळवारी येऊन पाहीन. भिंत बंद झालेली आणि ओळंब्यात असली तर नोटीस मागे, नाहीतर बुधवारपासून उतरवायला सुरुवात. साहेबांचा शब्द बदलत नसे. हॅट डोक्यावर ठेवली की ते निघाले असं समजायचं.

मी मंगरूळपीरला जाऊन हुसेनचाचांना घेऊन आलो. चाचा तेव्हा सत्तरीला टेकलेले. आमच्या भागात दगड घडवणारा त्यांच्या तोडीचा हात नव्हता. दगडावर हातोडी वाजवून तो आतून तडकलेला आहे की नाही ते ते सांगत; साबूत दगड खणखणतो, तडकलेला मडक्यासारखा बद्द बोलतो. दहा वर्षांपूर्वी ‘सिमेंट नोका भरू’ असं मला सांगणारे हुसेनचाचाच होते. त्याची त्यांनी एकदाही आठवण करून दिली नाही. फक्त छिन्नीने दरजेतला सिमेंटचा तुकडा निघाला की ते तो धोतराच्या सोग्याने पुसायचे आणि, रस्त्यात सापडलेली वस्तू मालकाला परत करावी तसा, माझ्या हातात द्यायचे.

पहिला आठवडा चुन्यात गेला. अंगणात घाणी मांडली. गोल चरात चुना आणि वाळू, वर दगडी चाक, चाकाला बैल. त्यात हिरड्याचं पाणी आणि गूळ पडतो. त्याने चुना घट्ट धरतो. गूळ पडतो हे कळल्यापासून तारबाबू रोज सकाळी चुन्याची प्रगती पाहायला येऊ लागले. गूळ घालून संपला त्या दिवशी त्यांची जिज्ञासा शमली.

दुसऱ्या आठवड्यात वरच्या मजल्याला सागाच्या तुळयांचे धिरे दिले, पोट आलेल्या भागातल्या प्रत्येक दगडावर गेरूने नंबर टाकला आणि तो भाग उतरवला. गंगूताईंच्या खोलीला आता रस्त्याकडे पाच हात रुंदीचं भगदाड होतं. आम्ही त्यांना खाली एक खोली काढून दिली होती, पण यंत्र मागच्या भिंतीला सरकवून त्या तिथेच बसल्या. त्यांचा धंदा उलट वाढला. बाजाराला आलेल्या बाया रस्त्यातूनच ओरडत, “गंगाबाई, माहं पोलकं झालं का व?” आणि भगदाडातून उत्तर येई, “झालं! पन तू गेल्या खेपेपक्षा जाड झाली दिसते, वर ये, माप घेतो!” सगळा बाजार त्या बाईकडे पाही. तिमजलीत इतकी करमणूक पूर्वी नव्हती.

भिंतीच्या त्या भागात बंधाचे दगड तीन निघाले. दोन मोडलेले, तिसरा साबूत. मोडलेल्या दोघांच्या जागी आखूड दगड एकमेकांवर चढवून भागणार होतं, पण पोटाच्या ऐन मध्यावर अखंड दगडच हवा होता. अडीच हात लांब, नऊ-दहा मण वजनाचा, कुठेही कस न गमावलेला काळा पाषाण. तसा दुसरा खाणीतून काढून घडवायचा तर महिना गेला असता. आमच्याकडे दिवस उरले होते चार. तेव्हा सगळी भिंत, आणि भिंतीमागची खोली, त्या एका दगडावर होती.

शुक्रवारी तो आम्ही जपून अंगणात उतरवला.

“आडवा ठेवा,” हुसेनचाचा म्हणाले.

“उभाच ठेवू, चाचा. दोन्ही टोकं वाजवून पाहायची आहेत, आणि धुवायलाही सोपं.”

“आडवा ठेवा मी म्हनतो.”

“का?”

“उभ्या गोट्याचं काई सांगता येत नाई, मिस्त्री.”

मला वाटलं, तो कलंडेल या भीतीने ते म्हणत आहेत. मी त्याला अंगणातल्या निंबाच्या बुंध्याला पक्का टेकवला, खाली पाचर मारली आणि शास्त्रशुद्ध काम झाल्याचं समाधान मानलं.

शनिवारी तो वर चढवायचा होता. जड दगड उचलण्याआधी आमचे मजूर दगडाला आणि दोराला शेंदूर लावून नारळ फोडतात. मी या गोष्टीत पडत नाही. दोर नवा आहे की नाही तेवढं पाहतो. नारळ फुटला, दोर बांधला, आणि कप्पी फिरवून पाहिली तर तिचा आस मधेच चिरलेला. कप्पी लोहाराकडे नेली. तो म्हणाला, उद्या दुपारी. ठीक आहे म्हटलं. दगड कुठे पळून जातो?

दुसरा दिवस रविवार, बाजाराचा. दुपारी कप्पी खांद्यावर टाकून मी परत आलो तर तिमजलीच्या अंगणात शिरता येईना.

वऱ्हाडात आडवा दगड हा दगड असतो. तो उभा केला, त्याला शेंदूर लागला, पुढे नारळ फुटला आणि वर निंबाची सावली असली, की मग त्याला दगड म्हणण्याची सोय राहत नाही. या चारही अटी माझ्या देखरेखीखाली, माझ्याच कामावर पुऱ्या झाल्या होत्या. बाजाराला आलेल्या माणसांनी फक्त निष्कर्ष काढला होता. दगडापुढे नारळांचा ढीग होता, हळदकुंकू होतं, समई होती. एका जोडप्याने त्याला दोरा बांधला होता. कोर्टातले कारकून, ज्यांनी शुक्रवारी तो दगड उतरताना खिडकीतून पाहिला होता, ते चपला काढून रांगेत उभे होते.

रांगेच्या तोंडाशी एक पागोटंवाला म्हातारा शेतकरी होता. मी त्याला विचारलं, “बाबा, हा देव कोणता?”

“तुमाले नाई माईत?” त्याने मला खालीवर पाहिलं. “कोन तुमी?”

“मी मिस्त्री आहे इथला.”

“तरीच,” म्हातारा म्हणाला.

“केव्हापासून आहे हा इथे?”

“लय जुना हाय. दिसून नाई राह्यला का?”

यात खोटं काहीच नव्हतं. दगड लय जुना होताच.

मी घाणीच्या कठड्यावर चढलो आणि लोकांना मोठ्याने समजावून सांगू लागलो की भिंत म्हणजे खरं तर दोन भिंती असतात, त्यांना बांधणारा एक दगड असतो, तो हा. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुराण संपल्यावर करतात तसा नमस्कार केला. एका बाईने माझ्या कपाळाला कुंकू लावलं आणि हातात खोबऱ्याचा तुकडा दिला.

एवढ्यात रावसाहेब आले. रावसाहेबांना गर्दी दिसली की तिचं अध्यक्षपद रिकामं दिसे. त्यांनी उपरणं सारखं केलं, दगडाला नमस्कार केला, आणि पाच मिनिटांत चबुतरा, त्यावर छत्री, पुढे मंडप आणि मंडपाला देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी इथपर्यंत पोचले.

मी त्यांना बाजूला घेतलं. “रावसाहेब, हा भिंतीतला दगड आहे. परवा साहेब येणार. भिंत उघडी आहे.”

“मिस्त्री, लोकभावना नावाची काही वस्तू असते.”

“धिऱ्यांवर मजला तोललेला आहे.”

“अहो, भिंतीला दुसरा दगड मिळेल. लोकांना दुसरा देव मी कुठून आणून देऊ?”

मी दोराला हात घालताच चार जण पुढे झाले. “हात लावू नोका, मिस्त्री. बऱ्या बोलानं सांगतो.” परांचीवर चढून बसलेले हुसेनचाचा बिडी ओढत हे सगळं पाहत होते. त्यांनी दहा वर्षांत पहिल्यांदा मला आठवण करून दिली. “मी म्हनलं होतं,” ते वरून म्हणाले, “आडवा ठेवा.”

भगदाडात गंगूताई उभ्या होत्या.

“मिस्त्री! माह्या खोलीचा गोटा खाली काय करून राह्यला?”

“देव झाला तो, गंगूताई.”

त्या कात्री हातात घेऊनच खाली आल्या. मला वाटलं, आता भांडण होणार आणि ते आपण हरणार. पण त्यांनी पदर सारखा केला, दगडाला रीतसर वाकून नमस्कार केला आणि त्या पागोटंवाल्या म्हाताऱ्यापुढे बसल्या.

“बाबा, तुमी किन्हीराजाचे ना? माहा भाऊ तिथीच हाय. तुमाले मानतेत सारे.”

“हाव.”

“मले एक सांगा. देवाचं ठानं हालवलं तं काय होते?”

म्हातारा गंभीर झाला. “लय वाईट होते, माय. ढोरं मरतेत. पानी रुसते. आमच्या गावात एका पाटलानं मारोती हालवला होता, त्याच्या घरी दिवा लावाले कोनी राह्यलं नाई.”

“मंग या देवाचं ठानं कुठी हाय, माईत हाय का तुमाले?” गंगूताईंनी कात्रीने वर दाखवलं. “थे पाहा. माडीवर. मायबापाच्या पैल्यापासून तो तिथी होता. अकरा वर्सं मी त्याच्यापाशी राह्यली. या मिस्त्रीनं त्याले परवा खाली आनलं, आंघोय घालाले. झाली आंघोय. आता त्याले घरी जाऊ देता का इथी परमुलखात बसवून ठेवता?”

सगळ्यांनी भगदाडाकडे पाहिलं. मग दगडाकडे. मग, बराच वेळ, माझ्याकडे.

म्हाताऱ्याने डोळे बारीक करून वरची पोकळी मापली. “बरोबर हाय,” तो म्हणाला. “ठानं रिकामं दिसून राह्यलं.” आणि माझ्याकडे वळला. “देवाले उतरवलं कायले, मिस्त्री? कोनाले पुसलं होतं का?”

“नाही,” मी म्हटलं.

“शिकेल मानसाइचं असंच असते.”

“परंतु चबुतरा...” रावसाहेबांनी सुरुवात केली.

“रावसायेब,” म्हातारा म्हणाला, “माडीवर राह्यनाऱ्या देवाले अंगनात बसवता? तुमाले कोनी बसवलं तं चालन का?”

माझ्या तर्काने जे झालं नव्हतं ते त्यांच्याच तर्काने झालं, आणि त्या तर्कात मला आजही चूक दाखवता येत नाही. दगडाची जागा खरोखरच वर होती.

पण प्रश्न राहिला. म्हाताऱ्याने विचारलं, “देवाचं तोंड कुकडे करान?” बंधाच्या दगडाचं फक्त टोक दिसतं, शेंदूर लागलेली लांब बाजू भिंतीच्या पोटात जाते. मी हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात हुसेनचाचा वरून ओरडले, “तुमच्याकडेच, बाबा! अजून कुकडे?” गंगूताईंनी तबकातला शेंदूर बोटांवर घेतला आणि रस्त्याकडच्या टोकाला थापला. तोंड ठरलं.

मग जे झालं ते मी पुन्हा कधी पाहिलं नाही. त्या दगडाला आठ माणसं पुरे असतात. दोराला लागली साठ-सत्तर. बाजारात डफडेवाले होते, ते आले. कारकून, मास्तर, भाजीवाल्या, तारबाबू, सगळे दोराला. माझी भीती निराळीच होती: एवढ्या भक्तीने ओढला तर दगड मधला मजला ओलांडून गच्चीवर जाईल. मी ‘हळू, हळू’ ओरडत होतो, ते डफड्यात कोणालाही ऐकू येत नव्हतं. शेवटी गंगूताईंनी भगदाडात उभं राहून ताबा घेतला. “ओढा!” म्हटलं की डफडं वाजे. “थांबा!” म्हटलं की सत्तर माणसं पुतळ्यासारखी. रावसाहेबांनी दोराचं अगदी शेवटचं टोक धरलं होतं, जिथे ओढ पोचत नाही, आणि सर्वांत जास्त घाम त्यांनाच आला होता.

दगड परांचीवर टेकला. हुसेनचाचांनी पहार लावली, पण गर्दीचा डोळा त्यांच्यावर, त्यामुळे नेहमीच्या शिव्या देता येईनात. “सरकून घ्या जी,” ते दगडाला म्हणाले. “थोडं अजून. बस. आराम करा.” मग माझ्या कानाशी, “पन्नास साल दगड बसवले, मिस्त्री. दगडाले ‘जी’ पैल्यांदा म्हनून राह्यलो.” शेंदूर तेलाचा असतो, त्यावर चुना धरत नाही. म्हणून त्यांनी पोत्याचा आडोसा करून लांब बाजूचा शेंदूर विटेने घासून काढला. खाली जयजयकार चालू होता.

सोमवारी सूर्य मावळायच्या आत भिंत बंद झाली. शेवटचा नंबराचा दगड बसवून हुसेनचाचांनी ओळंबा सोडला. दोरी सगळीकडे भिंतीपासून सारख्या अंतरावर राहिली. चाचांनी ओळंबा दुसऱ्यांदा न लावता गुंडाळून खिशात टाकला. त्यांच्याकडून एवढी स्तुती मला त्याआधी मिळाली नव्हती.

मंगळवारी साहेब आले. रस्ता ओलांडून त्यांनी भिंत दुरून पाहिली, जवळून पाहिली, स्वतःचा ओळंबा लावला. मग त्यांची नजर मधल्या मजल्यावरच्या त्या शेंदरी ठिपक्यावर थांबली.

“ये क्या है?”

रावसाहेबांचा चेहरा पांढरा पडला. गंगूताई दारात उभ्या होत्या, त्यांनी चौकट घट्ट धरली.

“बंधाचा दगड, साहेब,” मी म्हटलं. खोटं बोललो नाही.

साहेबांनी खिशातून कामाच्या नियमांचं लहान पुस्तक काढलं, पानं चाळली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. बंधाच्या प्रत्येक दगडाच्या टोकाला रंगाची खूण करावी, म्हणजे तपासणाऱ्याला ते मोजता येतात. हा नियम छापलेला होता हे खरं. तो पाळलेला मी कुठेच पाहिला नव्हता, आणि मीही कधी पाळला नव्हता.

“शाबास,” साहेब म्हणाले. “वीस वर्षांत पहिला मिस्त्री भेटला. पण नकाशात बंध तीन आहेत. बाकीच्या दोन खुणा?”

“राहिल्या, साहेब.”

“माझ्यासमोर करा.”

आमच्याकडे रंग नव्हता. गंगूताई आत गेल्या आणि शेंदराचं तबक घेऊन आल्या. हुसेनचाचा शिडीवर चढले आणि मंगरूळपीरच्या त्या नमाजी माणसाने अत्यंत गंभीरपणे, सरकारी आज्ञेवरून, आणखी दोन दगडांना शेंदूर लावला. खाली दोन बायांनी लगेच हात जोडले.

साहेबांनी तिथेच नोटीस रद्द केल्याचा कागद लिहिला आणि हॅट डोक्यावर ठेवली.

हुसेनचाचा पुढे दोन वर्षांनी गेले. तेवढ्या काळात मी आणि त्यांनी सुट्टीच्या दिवशी जाऊन तिमजलीच्या उरलेल्या भिंतींतलं सिमेंट छिन्नीने काढलं आणि चुना भरला. सांगितलं कोणीच नव्हतं. शेवटपर्यंत ते प्रत्येक मोठा तुकडा पुसून माझ्या हातात देत. लोकांना मी खरं काय ते पुन्हा सांगितलं नाही, याची कधी कधी रुखरुख वाटते. पण सांगून काय, कपाळाला कुंकू लागलं असतं. दिवाळीपर्यंत त्या तीन ठिपक्यांना ‘तीन भाऊ’ हे नाव पडलं होतं, आणि मधला थोरला आहे यावर सर्वांचं एकमत होतं.

परवा वाशीमला गेलो होतो. गंगूताई त्याच खोलीत आहेत, आता हाताखाली दोन मुली शिवतात. भिंत जशी बसवली तशीच आहे. थोरल्याचं आतलं टोक त्यांच्या खोलीत चार बोटं पुढे आलेलं आहे. मी ते छाटून देतो म्हटलं होतं, त्यांनी नको म्हणून सांगितलं. बाहेर बाजाराला आलेली माणसं थांबून, मान वर करून हात जोडतात. आत त्या टोकावर गंगूताई कोळशाची इस्त्री ठेवतात.